मंजिष्ठेचा तांबडा आणि हायड्रॉक्सिलची जागा

अँथ्राक्विनोन हे फिकट पिवळ्या रंगाचे स्फटिकरूप चूर्ण आहे. त्याने सुती कापड रंगवायला जावे, तर धुतल्यावर कापडावर काहीही उरत नाही. याच रेणूच्या कडेला दोन ठरावीक जागी हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या, बसवल्या की अलिझारिन तयार होते. आणि अलिझारिन म्हणजे ज्याच्या जोरावर फ्रान्समधील शेतकरी, तुर्कस्तानातील रंगारी आणि पुढे जर्मनीतील रासायनिक कारखाने श्रीमंत झाले तो लाल रंग. हेच दोन गट दुसऱ्या दोन जागी बसवले, तर रेणूसूत्र तेच राहते, रेणुभारही तोच राहतो, पण सुताला धरून राहणारा तो लाल मिळत नाही. इतक्या छोट्या बदलाने इतका मोठा फरक का पडावा, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून धरून आहे आणि रंगांविषयी जे काही पुढे वाचले आणि करून पाहिले, ते बहुतेक त्याच्याच ओढीने.

आधी रेणूचा सांगाडा पाहू. अँथ्राक्विनोनमध्ये तीन षट्कोनी वलये एकमेकांना चिकटून एका ओळीत असतात. दोन्ही टोकांची वलये बेंझीनची असतात आणि मधल्या वलयात समोरासमोर दोन कार्बोनिल गट, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन, असतात. या दोन कार्बनांना ९ आणि १० हे क्रमांक दिलेले आहेत. उरलेल्या आठ मोकळ्या जागांपैकी १, ४, ५ आणि ८ या जागा कार्बोनिलला लागून आहेत. २, ३, ६ आणि ७ या त्याच्यापासून दूर, टोकाकडे आहेत. पुढचे सगळे रसायन या शेजाराच्या आणि दुराव्याच्या फरकातून निघते.

पहिल्या जागी हायड्रॉक्सिल बसला, तर त्याचा हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिलच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो आणि रेणूच्या आतच हायड्रोजन बंध तयार होतो. या बंधामुळे तो हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. त्यामुळे १-हायड्रॉक्सिअँथ्राक्विनोन धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात जेमतेम विरघळते आणि त्याला कॉस्टिक सोडाच लागतो. दुसऱ्या जागचा हायड्रॉक्सिल मात्र मोकळा असतो, अधिक आम्लधर्मी असतो आणि साध्या सोड्यातही विरघळतो. मिश्रणातून हे दोन प्रकार वेगळे काढण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी या फरकाचा उपयोग केला.

रंगाचे गणितही जागेवरच ठरते. हायड्रॉक्सिलचा ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन वलयाकडे देऊ पाहतो आणि कार्बोनिल ते आपल्याकडे ओढतो. देणारा आणि घेणारा यांच्यातील ही देवाणघेवाण जितकी सोपी, तितक्या कमी ऊर्जेचा प्रकाश रेणू शोषू शकतो. मूळ अँथ्राक्विनोन मुख्यतः अतिनील किरण शोषते. अलिझारिनमध्ये, म्हणजे हायड्रॉक्सिल १ आणि २ या जागी असताना, शोषण ४३० नॅनोमीटरच्या आसपास येते आणि स्फटिक नारिंगी-तांबडे दिसतात. हायड्रॉक्सिल १ आणि ४ या जागी असले, तर त्या संयुगाला क्विनिझारिन म्हणतात. त्याचे शोषण आणखी पुढे, ४७० नॅनोमीटरच्या आसपास सरकते आणि ते अधिक लाल दिसते. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी पाहता क्विनिझारिन हा अलिझारिनपेक्षा सरस रंग वाटावा. तरीही कापडाच्या इतिहासात अलिझारिनचे जे स्थान आहे ते क्विनिझारिनला कधीच मिळाले नाही. याचे उत्तर रेणूत एकट्याने सापडत नाही. त्यासाठी धातूकडे जावे लागते.

हे समजून घेण्यासाठी मंजिष्ठेसारखे दुसरे साधन नाही. मंजिष्ठा हा आपल्या सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या परिसरातही आढळणारा वेल. चौकोनी, खरखरीत देठ, आकड्यांसारखे बारीक काटे आणि प्रत्येक पेरावर चार-चार पानांचे चक्र. काष्ठौषधींच्या दुकानात त्याची मुळे मिळतात. ती मोडली की आत विटकरी रंग दिसतो. युरोपातील मंजिष्ठा हिची जवळची बहीण, पण दोघींच्या मुळांतील रंगद्रव्ये सारखी नाहीत. युरोपातल्या वनस्पतीत अलिझारिन मुबलक असते. आपल्या मंजिष्ठेत भर असतो तो पर्प्युरिनवर, ज्यात १, २ आणि ४ या तीन जागी हायड्रॉक्सिल असतात, आणि मुंजिस्टिनवर, ज्याचे नावच मंजिष्ठेवरून पडले आहे. जुन्या कापडाचा एखादा धागा प्रयोगशाळेत तपासताना अलिझारिन आणि पर्प्युरिन यांचे प्रमाण पाहून तो कोणत्या वनस्पतीने रंगवला असावा याचा अंदाज घेतात, तो याच फरकामुळे.

प्रयोग घरी करण्याजोगा आहे. मांजरपाटाची पट्टी सोडा घालून उकळून तिच्यातील खळ आणि तेलकटपणा काढायचा, मग ती हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायची. हिरड्यातील टॅनिन सुतावर बसते आणि पुढे येणाऱ्या धातूला धरून ठेवते. पट्टीच्या एका टोकाला तुरटीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या क्षाराचे, द्रावण लावायचे, दुसऱ्या टोकाला हिराकशीचे, म्हणजे लोहाच्या क्षाराचे, पातळ द्रावण, आणि मध्ये दोन्ही थोडी एकमेकांवर येऊ द्यायची. हिराकस लागताच ते टोक टॅनिनमुळे करडे-काळपट होते. तुरटीचे टोक मात्र पिवळसरच राहते. पट्टी वाळवून, धुऊन, रात्रभर भिजवलेल्या मंजिष्ठेच्या पाण्यात सोडायची आणि आच मंद ठेवायची. पाण्यातून वाफा निघाव्यात पण ते उकळू नये, कारण उकळी आली की मुळातील तपकिरी द्रव्येही उतरतात आणि लाल मळकट होतो. मी पट्टी बाहेर काढून साबणाने धुतली तेव्हा तुरटीचे टोक विटकरी-लाल झाले होते, हिराकशीचे जांभळट-तपकिरी, आणि मधला पट्टा चॉकलेटी. भांडे एक, मूळ एक, वेळ एक, आणि रंग तीन. सोबत टाकलेली, काहीही न लावलेली पट्टी गुलाबीसर निघाली आणि साबणाच्या पाण्यात तिचा बहुतेक रंग गेला.

रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात इजिप्तच्या रंगाऱ्यांविषयी हेच आश्चर्याने नोंदवले आहे: पांढऱ्या कापडावर आधी रंगहीन औषधे लावतात, मग ते एकाच रंगाच्या कढईत बुडवतात आणि कापड अनेक रंगांचे होऊन बाहेर येते. आपल्याकडे कोरोमंडल किनाऱ्यावरची छापील आणि कलमकारी वस्त्रे याच ज्ञानावर उभी होती. तिथे छायमूळ नावाच्या वनस्पतीची मुळे वापरीत, ज्यांत अलिझारिन असते.

या प्रयोगात जे घडते ते असे. अलिझारिन आणि पर्प्युरिन या दोहोंत १ आणि २ या शेजारच्या जागी हायड्रॉक्सिल आहेत आणि त्यांना लागूनच ९ क्रमांकाचा कार्बोनिल आहे. हे ऑक्सिजन जणू चिमट्याने पकडावे तसे ॲल्युमिनियमच्या आयनाला धरतात. ॲल्युमिनियमची दुसरी बाजू सुताने आणि टॅनिनने धरलेली असते. अशा रीतीने रंग, धातू आणि तंतू यांचे एक न विरघळणारे संकुल तंतूच्या आतच तयार होते आणि म्हणूनच पाण्याने किंवा साबणाने ते बाहेर पडत नाही. धातूने ऑक्सिजनवरचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे वळवल्यामुळे रेणूचे प्रकाशशोषणही बदलते: ॲल्युमिनियममुळे लाल, लोहामुळे जांभळा ते काळपट, कथिलामुळे नारिंगी, क्रोमियममुळे तपकिरीकडे झुकणारा. अशा धातूच्या क्षारांना रंगबंधक म्हणतात. हे नाव मला अपुरे वाटते, कारण धातू इथे रंग नुसता बांधत नाही, तो रंग घडवण्यात अर्धा वाटेकरी असतो.

धातू नेमका कुठे धरला जातो, १ आणि २ या दोन हायड्रॉक्सिलांच्या मध्ये की १ क्रमांकाचा हायड्रॉक्सिल आणि कार्बोनिल यांच्या मध्ये, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. त्या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली: खऱ्या पक्क्या लालामध्ये ॲल्युमिनियमसोबत कॅल्शियमही संकुलाचा घटक असतो. रंगाऱ्यांना हे अनुभवाने फार आधी माहीत होते. चुनखडीच्या पाण्यात मंजिष्ठा चांगली उतरते आणि मऊ पाण्यात रंग निस्तेज येतो, म्हणून ते कढईत थोडा खडू टाकीत. पावसाचे पाणी आणि विंधणविहिरीचे जड पाणी अशा दोन भांड्यांत एकाच वेळी पट्ट्या रंगवल्या, तर हा फरक लख्ख दिसतो.

हे ज्ञान किती जुने आहे याचा एक पुरावा मुंबईशी जोडलेला आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. धातूच्या क्षारांमुळे तो हजारो वर्षे टिकला होता. त्याची तपासणी १९२० च्या दशकात माटुंग्याच्या तंत्रज्ञान प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी यांनी केली. तंतू कापसाचे असल्याचे ठरले आणि रंग मंजिष्ठेच्या वर्गातील असल्याचे सांगितले गेले. कापूस ॲल्युमिनियमला सहजासहजी धरत नाही. लोकरीपेक्षा तो रंगवणे कितीतरी कठीण. तो पक्का रंगवायचा तर आधी रंगबंधकाची रीत हाती यावी लागते, आणि ती रीत सिंधूकाठच्या माणसांनी साधली होती असे मानायला हा तुकडा आधार देतो.

मुळातले रंगद्रव्य सुटे नसते, हेही इथे सांगायला हवे. ताज्या मुळात अलिझारिनला २ क्रमांकाच्या जागी ग्लुकोज आणि झायलोज यांची जोडशर्करा जडलेली असते. ही साखर सुटल्याशिवाय चिमट्याचा एक पाय झाकलेलाच राहतो. मुळे साठवताना आणि भिजवताना त्यांच्यातलेच विकर ही साखर तोडते. रात्रभर भिजवण्याचा उपयोग आहे तो इथे.

फ्रान्समधील रोबिके आणि कोलँ यांनी १८२६ मध्ये मुळांतून अलिझारिन आणि पर्प्युरिन वेगळे केले. पण अलिझारिनची घडण कळायला आणखी चार दशके गेली, कारण सगळ्यांची समजूत अशी होती की ते नॅफ्थलीनपासून निघालेले असावे. बर्लिनमध्ये आडॉल्फ बायर यांच्या प्रयोगशाळेत कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या दोन तरुणांनी १८६८ मध्ये अलिझारिन जस्ताच्या भुकटीबरोबर तापवले. जस्ताने सगळा ऑक्सिजन काढून घेतला आणि उरला तो सांगाडा अँथ्रासीनचा, म्हणजे तीन वलयांच्या हायड्रोकार्बनचा, निघाला. दगडी कोळशाच्या डांबरात हे अँथ्रासीन असतेच, आणि तोवर त्याला वंगणापलीकडे फारसे कोणी विचारीत नसे. त्यावरून उलटा प्रवास सुरू झाला: अँथ्रासीनचे ऑक्सिडीकरण करून अँथ्राक्विनोन, त्यावर ब्रोमीन, आणि मग कॉस्टिक पोटॅशबरोबर वितळवून अलिझारिन. वनस्पतीत सापडणारा रंग प्रयोगशाळेत बनवल्याचे हे पहिले उदाहरण.

ब्रोमीन महाग असल्याने ही पद्धत कारखान्यात परवडणारी नव्हती. हाइनरिश कारो यांनी जर्मनीत आणि विल्यम पर्किन यांनी इंग्लंडमध्ये, स्वतंत्रपणे, ब्रोमीनऐवजी सल्फ्युरिक आम्ल वापरण्याचा मार्ग काढला. कारो, ग्रेबे आणि लीबरमान यांचा पेटंटचा अर्ज २५ जून १८६९ चा, आणि पर्किन यांचा २६ जूनचा. एका दिवसाच्या या अंतरानंतर दोन्ही पक्षांनी कज्ज्यात न पडता बाजारपेठ वाटून घेतली. या पद्धतीतील रसायन मला आजही विलक्षण वाटते. अँथ्राक्विनोनवर २ क्रमांकाच्या जागी एकच सल्फॉनिक गट बसवतात. त्याचा सोडियम क्षार चंदेरी पापुद्र्यांसारखा दिसतो, म्हणून कारखान्यात त्याला चांदीचा क्षार म्हणत. तो कॉस्टिक सोडा आणि क्लोरेटसारख्या ऑक्सिडीकारकाबरोबर बंद भांड्यात तापवला की सल्फॉनिक गटाच्या जागी तर हायड्रॉक्सिल येतोच, शिवाय शेजारच्या १ क्रमांकाच्या जागी, जिथे आधी काहीच नव्हते, तिथेही दुसरा हायड्रॉक्सिल बसतो. नेमकी हवी ती जोडी आपोआप मिळते. दोन हायड्रॉक्सिल हवेत म्हणून दोन सल्फॉनिक गट बसवले, तर दुसराच, तीन हायड्रॉक्सिलांचा रंग तयार होतो. हायड्रॉक्सिलांची खरी जागा बायर आणि कारो यांनी १८७४ मध्ये थॅलिक अनहायड्राइड आणि कॅटेकॉल जोडून अलिझारिन बनवले तेव्हा निश्चित झाली, कारण कॅटेकॉलमध्ये दोन्ही हायड्रॉक्सिल शेजारीशेजारीच असतात.

कारखान्यातील अलिझारिन बाजारात आले आणि काही वर्षांतच दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्याँच्या परिसरातील मंजिष्ठेची शेती कोसळली. कीटकांच्या निरीक्षणांसाठी जगभर ओळखले जाणारे झाँ आँरी फाब्र त्या काळी आव्हिन्याँमध्ये शिक्षक होते आणि मंजिष्ठेतून शुद्ध रंग काढण्याच्या खटपटीत त्यांनी कित्येक वर्षे घातली होती. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून सुटका होईल ही त्यांची आशा डांबरातून निघालेल्या अलिझारिनने संपवली. आपल्याकडे हाच आघात आलीवर झाला. आल म्हणजे बारतोंडीच्या जातीचे झाड. हल्ली नोनी या नावाने ज्याच्या फळांचा रस विकला जातो ते याच कुळातले. त्याची लागवड खानदेश, वऱ्हाड आणि बुंदेलखंडात मुळांसाठी होत असे. झाडे तीनेक वर्षांची झाली की मुळांसकट उपटायची, आणि त्यातही बारीक मुळांना भाव अधिक, कारण रंग सालीत असतो. आलीतील मोरिंडोन या रंगद्रव्यातही १ आणि २ या जागी हायड्रॉक्सिलांची जोडी आहे. हिशेबाच्या वह्यांना ज्याची बांधणी असे तो तांबडा, जाडाभरडा खारवा या आलीने रंगवत. रसायनशास्त्राच्या प्रगतीविषयी मला आदर आहे, पण या मुळांवर पोट असलेल्या शेतकऱ्यांचे आणि रंगाऱ्यांचे पुढे काय झाले हेही तितक्याच काळजीने लिहिले जायला हवे होते असे मला वाटते.

कॅल्शियमशी असलेली या रेणूंची जवळीक कापडाच्या बाहेरही दिसते. १७३६ मध्ये जॉन बेल्चियर हे शल्यवैद्य एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले असता डुकराच्या मांसातील हाडे त्यांना लाल दिसली; त्या डुकरांना मंजिष्ठेच्या कढईतला कोंडा खाऊ घातला जात असे. वाढत्या हाडातील कॅल्शियमने रंग धरला होता. पुढे हाडे कशी वाढतात याच्या अभ्यासाला या निरीक्षणाने दिशा दिली, आणि आजही ऊतींमधील कॅल्शियम ओळखण्यासाठी अलिझारिन रेड एस, म्हणजे अलिझारिनचे पाण्यात विरघळणारे रूप, वापरतात. त्याच रंगाचा झिर्कोनियमबरोबरचा लाल संकुल पाण्यातील फ्लोराइड तपासण्याच्या जुन्या पद्धतीत वापरला जाई: फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून नेतो, अलिझारिन सुटे होते आणि लाल रंग पिवळा पडतो. यवतमाळ आणि चंद्रपूरसारख्या, विंधणविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड असणाऱ्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना ही परीक्षा अवश्य दाखवावी.

आता क्विनिझारिनकडे परत येऊ. लीबरमान आणि कॉस्टानेकी यांनी अनेक हायड्रॉक्सिअँथ्राक्विनोने तपासून नियम मांडला की सुतावर धातूच्या साहाय्याने पक्का बसणारा रंग हवा असेल, तर हायड्रॉक्सिलांची जोडी १ आणि २ याच जागी हवी. क्विनिझारिनमध्ये तशी जोडी नाही. सोनामुखी आणि कोरफडीतील रेचक द्रव्यांतही हायड्रॉक्सिल १ आणि ८ या जागी असतात. अल्कलीत त्यांचा सुंदर लाल होतो, पण कापडावर त्यांचा तसा उपयोग नाही. क्विनिझारिनचे दिवस पुढे वेगळ्या मार्गाने आले. त्याच्या हायड्रॉक्सिलांच्या जागी अमिनो गट आणता येतात आणि अमिनो गट इलेक्ट्रॉन अधिक सढळपणे देत असल्याने रंग जांभळ्या, निळ्या, हिरव्याकडे सरकतो. पॉलिएस्टरला तर धातू लागतच नाही. लहान, पाण्यात न विरघळणारा रेणू गरम तंतूत शिरून बसतो. डिस्पर्स रेड ६० हा पॉलिएस्टरचा सुप्रसिद्ध गुलाबी-लाल रंग म्हणजे १ क्रमांकावर अमिनो, ४ क्रमांकावर हायड्रॉक्सिल आणि २ क्रमांकावर फिनॉक्सी गट असलेले अँथ्राक्विनोन. कार्बोनिलशी बांधलेले ते हायड्रोजन बंध त्याला उन्हात टिकवतात. अझो रंग, म्हणजे नायट्रोजनच्या दुहेरी बंधावर उभे असलेले कृत्रिम रंग, स्वस्त आहेत आणि थोड्या वजनात गडद रंग देतात. तरीही तेजस्वी गुलाबी आणि निळ्यासाठी अँथ्राक्विनोनकडे वळावे लागते.

लाखेचा रंग याच कुळातला, ज्यापासून अळता करीत. लाखेच्या किड्यातील लॅकेइक आम्लांची घडण १९६० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृ. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. त्याआधी ते माटुंग्याला मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख होते. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेला जगभर मान मिळाला.

हल्ली नैसर्गिक रंगांची आवड पुन्हा वाढली आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण मुळातले अलिझारिन आणि डांबरातले अलिझारिन यांच्या रेणूंत काडीचाही फरक नाही. फरक असतो तो सोबतच्या द्रव्यांत. मुळातील पर्प्युरिन आणि पिवळी द्रव्ये यांच्यामुळे लालाला जी खोली येते ती एकट्या अलिझारिनला येत नाही. मात्र युरोपीय मंजिष्ठेत ल्युसिडिन नावाचे, २ क्रमांकावर हायड्रॉक्सिमिथिल गट असलेले द्रव्यही असते, आणि ते जनुकांत बदल घडवू शकते असे दिसून आले आहे. म्हणून मुळांची पूड करताना नाक-तोंड झाकावे आणि रंगाची भांडी स्वयंपाकाला वापरू नयेत. डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचा विषारी क्षार, तर घरात आणूच नये. तुरटी कापडाच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास पुरते. हिराकस २ टक्क्यांपुढे नेऊ नये, कारण लोहाच्या सान्निध्यात सूत हळूहळू कुजते, आणि जुन्या छापील वस्त्रांत काळ्या रेषांच्या जागी भोके पडलेली असताना लाल फुले शाबूत राहिलेली दिसतात ती यामुळेच.